ओल्या फडक्याचा खेळ

दि. ४ मार्च, मंगळवार

ती. वहिनींस,

नमस्कार. पत्र माझं आहे हे अक्षरावरून ओळखलंच असेल. तेव्हा आधी वाचा, मग हवं तर फाडा. दादांची गुडघेदुखी कशी आहे? आम्ही इकडे मजेत आहोत.

फोन करता आला असता. पण तीन वर्षांपूर्वी "पुन्हा या घरी फोन करायचा नाही" असं मीच तुम्हाला बजावलं होतं, आता कुठल्या तोंडाने करू? शिवाय या कारखान्याच्या क्वार्टरांच्या भिंती इतक्या पातळ, की आमच्याकडे कुणी शिंकलं तर पलीकडच्या टेलरबाई "जपा हो" म्हणतात. त्यापेक्षा पत्र बरं.

काम असं आहे. तुमच्या डब्यांत मी कधी कीड पाहिली नाही. धान्य भरून ठेवायचं तर काय करता ते जरा लिहून कळवा. तुमच्या भाऊजींनी एकाएकी पंधरा दिवसांचा साठा करायचं मनावर घेतलंय. रोज पाळीवरून येताना हातात काहीतरी असतंच. काडेपेट्या, मीठ, मेणबत्त्या, टॉर्चचे सेल, बिस्किटांचे पुडे, पाण्याचे झाकणवाले ड्रम. स्वयंपाकघरात मी आता आडवी होऊन चालते. विचारलं तर म्हणतात, तहान लागल्यावर विहीर खणायची का? हे कोणी म्हणावं, ज्याने लग्नाच्या दिवशी सकाळी चपला विकत आणल्या त्याने!

आणि मला स्कूटर शिकवतायत. वयाच्या अडतिसाव्या वर्षी. दोनदा पडले, एकदा थेट टेलरबाईंच्या कुंड्यांत. ब्रेक दाबायचं सोडून मी स्कूटरलाच "थांब, थांब" म्हणत होते. पण हे हसले नाहीत, वहिनी. मला उठवलं, गुडघ्यावरची माती झटकली आणि म्हणाले, पुन्हा बस. ऊन उतरेपर्यंत तेच.

इथे सोमवारी सकाळी दहाला भोंग्याची चाचणी होते, तुम्ही ऐकलीय. एक मिनिट वाजतो. सगळी वसाहत त्यावर घड्याळं लावते. काल भोंगा झाला तेव्हा हे घरीच होते. हातातला कप खाली ठेवला आणि भोंगा थांबेपर्यंत दारात जाऊन उभे राहिले. वीस वर्षं ऐकतायत तो. मी काही विचारलं नाही.

धान्याचं तेवढं कळवा.

तुमची,
धाकटी जाऊ

&nbsp;

दि. १३ मार्च, गुरुवार

ती. वहिनींस,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळींचं का होईना, पण आलं. धान्य उन्हात कडकडीत वाळवलं, डबेही वाळवले. तिसऱ्या ओळीत तुम्ही विचारलंत, "मनी किती मोठी झाली?" मागच्या पत्रात मी तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, ते तुम्ही बरोबर हेरलंत. आठ वर्षांची झाली. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे सगळ्या वसाहतीला "श" आणि "स" यांतला फरक विसरायला लावलाय. चालते अजून तशीच, पाऊल न वाजवता. तुम्ही ठेवलेलं नाव तिला शोभतं.

साठ्याची गंमत पुढे ऐका. धान्य झालं, पाणी झालं, आता चिकटपट्टीची रिळं आलीत. चौदा! खिडक्यांच्या फटी मोजून झाल्या. आतली खोली "बंद करायची खोली" ठरलीय. डोळे धुवायच्या बाटल्या, नाकावर बांधायला जाड कापडाच्या दुहेरी पट्ट्या. पट्ट्या टेलरबाईंकडून शिवून घेतल्या. बाराच सांगितल्या होत्या. कशाला हव्यात म्हणून त्यांनी विचारलं, मी म्हटलं, धूळ फार येते हो. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं, माझेच कान गरम झाले. बिचारीने उरलेल्या कापडाच्या आणखी दोन शिवून दिल्या. म्हणाली, मनीला लहान मापाच्या असू देत.

दोरीवर एक पांढरं फडकं कायम वाळत टाकायचं, असं यांनी सांगितलंय. आधी ते कुठल्या बाजूला उडतंय ते बघायचं. वारा कारखान्याकडून घराकडे असेल, तर वाऱ्याबरोबर पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं. नाकावर ओलं फडकं. सुकं नाही, ओलं. हे मला रोज म्हणून दाखवावं लागतं, पाढे म्हणावेत तसं.

वासाची तर इतकी सवय झालीय की पाहुणा आला की कळतं आपल्याकडे वास येतो. अमोनियाच्या टाकीखालचा एक वॉल्व्ह जरा कुरकुर करतोय म्हणे. नवा मागवलाय. खताचा कारखाना म्हटल्यावर असं चालायचंच. मी एवढंच विचारलं, भोंगा वेड्यावाकड्या वेळी वाजला तर पळायचं हे समजलं, पण खरंच काही झालं आणि ते नेमकं सोमवारी दहा वाजता झालं तर? लोक घड्याळं लावत बसतील. हे उठून खिडकीची पट्टी पुन्हा दाबून बसवायला लागले.

एक विचारायचं होतं. सहज. मनीला चार दिवस तुमच्याकडे पाठवलं तर चालेल का? शाळा चालू आहे, पण चार दिवस बुडाली म्हणून आभाळ कोसळत नाही. तुम्हाला जमत नसेल तर राहू दे. मी आपलं विचारून ठेवलं.

दादांना नमस्कार.

तुमची,
धाकटी जाऊ

&nbsp;

दि. १६ मार्च, रविवार, सकाळ

वहिनी,

तुमच्या उत्तराची वाट पाहिली नाही. मनीला घेऊन हे दुपारच्या बसने निघतायत. हे पत्र तिच्या कपड्यांच्या पिशवीत तळाशी ठेवते आहे. तुम्हाला सापडेल तेव्हा तुमचे भाऊजी तुमच्याकडे चहा पीत बसले असतील. त्यांच्यासमोर वाचू नका. न्हाणीघरात जा, कडी लावा आणि वाचा.

शुक्रवारी दुपारी पाळीवरून आले ते डोळे लाल करून. खोकला थांबेना. मी पाणी दिलं आणि समोर बसले. म्हटलं, आता पुरे. कीर्तन नको, खरं सांगा. तेव्हा सांगितलं. वॉल्व्ह कुरकुर करत नाही, पाझरतोय. टाकी अर्ध्यावर आणून बदलायला हवा, म्हणजे दहा दिवस कारखाना बंद. साहेब म्हणतात नवा भाग येतोय, तोवर पट्टी घट्ट आवळा. यांनी आवळली. आता आवळायला पेच उरलेला नाही.

"रोज नोंदवहीत 'ठीक' लिहून सही कोण करतं?" मी विचारलं.

"मी," ते म्हणाले. "सहा आठवडे झाले."

पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलं, आजच्या दिवस कर. दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं असतं तर पहिली सही खोटी ठरली असती. मग तिसरी, मग चौथी. आता तोंड उघडलं तर आधी यांच्याच हातात बेड्या, साहेब नामानिराळे. म्हणून हा माणूस बाहेर बोलू शकला नाही आणि घरात ड्रम भरत राहिला. मला फार राग आला, वहिनी, आणि तितकीच दयाही आली. वीस वर्षांत या माणसाने कधी कुणाचा साधा पाना घरी आणला नाही.

पण मी तरी काय वेगळी? मला सगळं कळत होतं. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? चौदा रिळं पाहून कुणाच्याही ध्यानात येईल. मी विचारलं नाही, कारण विचारलं की माहीत होणार, आणि माहीत झालं की टेलरबाईंना सांगावं लागणार. आपल्या घराच्या फटी बुजल्या की झालं, असं मी ठरवून टाकलं होतं. ती बाई माझ्या पट्ट्या शिवत होती आणि मी तिला धूळ सांगत होते.

काल यांनी मनीला ओल्या फडक्याचा खेळ शिकवला. फडकं भिजवायचं, पिळायचं नाही, नाकावर धरायचं, दोरीकडे बघायचं, वाऱ्याला आडवं धावायचं. हे आकडे मोजत होते. तिसऱ्या वेळी तिने सगळं विसाच्या आत केलं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, काय सांगू तुम्हाला, सर्कशीत वाजवतात तशा. मग ती फडकं हातात धरून उभी राहिली. टेलरबाईंच्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, मनी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसते.

ती म्हणाली, "आई, आजींना चालता येत नाही. त्यांनी कुठल्या बाजूला जायचं?"

यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, चल, हातपाय धू.

तर आता मी काय ठरवलंय ते ऐका. यांना यातलं काही माहीत नाही. बस सुटली की मी टेलरबाईंकडे जाणार. आधी माफी, मग सगळं. तिचा दीर टेम्पो चालवतो, आजींना आजच हलवता येईल. मग ओळीतलं एकेक दार. मग स्कूटर काढून अग्निशमन दलाच्या कचेरीत. तिथे मी वॉल्व्ह सांगणार, टाकी सांगणार, नोंदवही सांगणार आणि सही कुणाची ते विचारलं तर तेही सांगणार. माझ्या कुंकवाच्या धन्याचं नाव मीच घेणार. आज रविवार आहे, साहेब गावात नाहीत. उद्या सोमवार. उद्यापर्यंत थांबायचं नाही एवढं मला कळतं.

हे परत निघतील. उद्या पहिली पाळी यांची आहे आणि तो वॉल्व्ह हात लावून ओळखणारा दुसरा कुणी नाही. त्यांना अडवून बघा, पण थांबणार नाहीत. दादांना म्हणावं, भावाला एकदा जवळ घ्या. कारण विचारू नका.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले ते लिहिते. तीन वर्षांपूर्वी तुम्ही याच स्वयंपाकघरात म्हणाला होतात, पोरीला या धुराड्याखाली वाढवू नको, माझ्याकडे ठेव, शाळा चांगली आहे. त्यावर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. स्वतःला मूल नाही म्हणून माझ्या मुलीवर डोळा ठेवता, असं बोलले. तुम्ही हातातली वाटी ओट्यावर ठेवलीत, पदर सारखा केलात आणि निघून गेलात. त्या दिवशी तुम्ही मला दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. तुमचं खरं होतं म्हणून मला झोंबलं. तेवढंच कारण, दुसरं नाही. माफ करा म्हणायची माझी लायकी नाही, तरी म्हणते.

तिला दूध आवडत नाही, मागे लागू नका. झोपताना पायावर पांघरूण लागतं, उन्हाळा असला तरी. केस विंचरताना रडते, पण ते खोटं रडणं आहे. शाळेचा दाखला पिशवीत आहे, तिचा जन्मदाखलाही आहे. मी चार दिवस म्हटलं होतं, ते चार दिवस धरू नका. मी आले तर येईन, आणि आले की तुमच्या पाया पडून तिला न्यायला मागेन. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

तिला मी सांगितलंय की काकूंकडे चाललीस. पहिले काही दिवस काकूच म्हणेल. पुढे कधी विसरून तुम्हाला आई म्हणाली, तर तिला थांबवू नका.

तुमची,
मनीला जन्म दिलेली