रोट घरच्यांनाच

२ ऑगस्ट १९९५, बुध.
गल्लीत कानबाई देवीचा मांडव. बांबूसाठी खड्डा खणताना हे ओरडले, "अगं, ये बघ!" नळाखाली हातभर पाइप, पुढे नुसती माती! निवडणुकीआधी नगरसेवकाने नारळ फोडला तोच हा नळ. इथं परमुलखात खान्देशचा, आपला माणूस म्हणून आमच्या सगळ्या नवागाम वस्तीने मतं दिली. पाणी का नाही विचारलं की म्हणे, प्रेशर कमी. अन् माझी ममता शाळा बुडवून टँकरच्या रांगेत. दहावीचं वर्ष पोरीचं! डोकं भणभणतंय.

३ ऑग.
गल्लीतल्या बायका मिळून मनपात. तिथला गुजराती साहेब कागद बघून म्हणे, "बेन, लाइन तो पूरी है." मी म्हटलं, चला, खड्डा दाखवते. सोमवारी येतो म्हणाला. येतोय कसला! पण नवे कमिशनर कडक आहेत म्हणतात...
खड्डा बुजवायचा नाही, ठरलं. मांडव थोडा सरकवला.

६, रवि.
कानबाई बसली. संध्याकाळी नगरसेवक दर्शनाला, पांढराशुभ्र. "वहिनी, रोट द्या. मी काय परका?" कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांपलीकडे देत नाहीत, हे त्याला ठाऊक. सासूबाई चुलीपुढून उठल्या. "घरना शे ना तू? मंग पह्यले खड्डामा देख. ठेकेदार तुनाच मेव्हना ना?" त्याचा चेहरा उतरला. ठेकेदारानं मलाही फसवलं, म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "पुनव लोंग पानी आन, मंग रोट दिसू." पुनवेपर्यंत पाणी आणलं तरच रोट देणार म्हणे! काय बाई आहे ही! मला हसू आणि रडू एकदमच.

७, सोम.
कानबाईचं विसर्जन करून परतलो, तर साहेब खरंच खड्ड्यापाशी! टेप टाकून मोजलं. ठेकेदाराचं बिल मात्र अख्ख्या गल्लीच्या पाइपचं निघालंय. चौकशी लागणार म्हणतो. दुपारी पाइपांचा ट्रक आला. नगरसेवकही आला, पण आज हार घालायला कुणी नव्हतं.

९, बुध.
चर खणून झाला, पाइप जोडले. नळ सोडला तर फुस्स! हवा, मग चार थेंब गढूळ. मुख्य लाइन उद्या उघडणार, म्हणे.
उद्याच पुनव. उद्या रोट संपवायचे, मागे ठेवत नाहीत. सासूबाईंनी एक टोपलीखाली झाकलाय. कुणासाठी विचारलं, तर माझ्यावरच खेकसल्या.
ममता हंडा लावून नळापाशीच बसलीय. "आई, उद्या राखीची सुट्टी. परवा जाऊ शाळेत?"
म्हटलं, दप्तर भरून ठेव.