जळक्या मोटरीचं खापर

सोमवार. घट बसायला दोन दिवस.

वॉशिंग मशीनच्या ड्रायरची मोटर नुसती घुंघुं करी, फिरेना. माझ्या लेकानं, सुभाषनं, कॅपॅसिटर बदलला, तरी तेच. उघडली तर जळका वास. सातपूरहून नवी आणली अन् बसवता बसवता बायकोवर तोंड सोडलं, "ओली गोधडी टाकलीस ना? अक्कल नाही!"

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. घटाआधी सगळं धुवायचं म्हणून गोधडी टाकली मीच. मग तोंड का शिवलं मी? पोटच्या पोराला घाबरले? जळका वास नाकातून जाईना.

शेवटी बोलले, "मी टाकली."

तर म्हणतो, "जाऊ दे आई, होतं असं."

अंगाची आग झाली. म्हटलं, "हेच आधी तिला म्हण."

पाना खाली ठेवला. मग तिला तेच पुटपुटला एकदाचा. सुनंदानं त्याच्याकडे पाठ करून ड्रायर लावून बघितला. बरं केलं.