उपाशी पोटीचं रक्त

४ ऑगस्ट
लठ्ठपणाच्या अभ्यासात नाव दिलं. घरून, बेहाल्याहून, बस, मग पायी. घाम. पियाली, तिथली पीएचडीची मुलगी, समजावत होती. चरबीच्या पेशी इवल्या पुड्या सोडतात, त्या रक्तातून यकृताला, स्नायूंना निरोप नेतात. एवढी वर्षं मी ह्या चरबीला मुकी समजत होते!
"रक्त उपाशी पोटीच हं, दीदी. नाहीतर जेवणातल्या तेलाचे कणही मशीन पुड्या म्हणून मोजतं."

११ ऑगस्ट
तपासणी. डॉक्टरांनी विद्यार्थ्यांसमोर माझं पोट चिमटीत धरलं. "हे आपलं मोठं पोस्ट ऑफिस. रविवारीही सुट्टी नाही." सगळे हसले. मीही हसले. तेच जास्त लागलं. पियालीने तेवढा पदर सारखा करून दिला.
घरी सांगितलं तर हे म्हणाले, "गंमत केली असेल गं."

१२ ऑगस्ट
भाजी चिरताना ती चिमटी. आंघोळीतही. त्या डॉक्टरला (‘डॉक्टरांना’ संपलं) एकदा असंच, भरल्या सभेत...

१४ ऑगस्ट
दहाला रक्त. साडेसहाला कोपऱ्यावर चार कचोऱ्या, आलूर दम, दोन जिलब्या. सावकाश, चावून.
"उपाशी ना, दीदी?"
"काल रात्रीपासून."
घे तुझं पोस्ट ऑफिस.

२ सप्टें.
पियालीचा फोन. "सगळ्यांत जास्त पुड्या तुमच्या! डॉक्टरसर परिषदेत तुमचाच आलेख आधी दाखवणार."
दाखव की. कुणीतरी जाणकार उठेल, विचारेल, बाई जेवून आली होती का? तेव्हा डॉक्टरचा चेहरा बघायला मी नसेन, एवढंच. दिवसभर गुणगुणत होते.

५ सप्टें.
पियालीच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण माझ्या आकड्यावर. "तुमच्यामुळे, दीदी." ही कुठून मधे आली? तिने माझं काय...
पण तोंड उघडलं, तर तो सुटतो.

१० सप्टें.
खात्रीसाठी परवा पुन्हा रक्त. उपाशी गेले तर आकडा उतरेल, पोरगी वेळीच सावरेल. तोही सावरेल. खाऊन गेले तर दोघंही...

१२ सप्टें., सकाळी ६.४०
ह्यांना रक्ताचं बोललेच नाही. त्यांनी हौसेने तुपातला शिरा केलाय. दोनदा हाक मारून झाली.
"अगं, वाढू का?"
काहीतरी उत्तर द्यायला हवं.