अठरा फुटी की बावीस फुटी

४ मे, सकाळी ७
निश्चय. लेक तीस तारखेला नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाणार. त्याआधी तलावावर सहकुटुंब सहल, तीही स्वतःच्या पाँटून बोटीतून. पाँटून म्हणजे दोन लांब पोकळ नळ्यांवर तरंगणारा हॉलच, सोफ्यासकट. अठरा फुटी घ्यायची की बावीस फुटी, एवढंच ठरायचंय. दोन दिवसांचं काम. माझे निर्णय झटपट असतात.

७ मे
अठरा. फायनल. बायकोला सांगितलं. ती भाजी निवडता निवडता 'बरं' म्हणाली. उत्साह दाखवायचा नाही, ही तिची जुनी सवय.

९ मे
अठरात सात जण मावतात. आम्ही चौघं : मी, बायको, लेक, सासूबाई. पण बोट आली की मेहुणा बायकापोरांसह टपकणार. ते चार. झाले आठ. म्हणजे बावीस. फायनल.

१२ मे
पार्किंगमध्ये खडूनं बावीस फूट आखले. रेघ शेजारच्या वकिलाच्या गाडीखालून गेली. त्यानं हरकत घेतली. वकिलांना कल्पनाशक्ती नसते. सासूबाईंना खुर्ची टाकून आत बसवलं. ऊन लागतंय म्हणाल्या. बोटीला छत असतं, पण ते खडूनं कसं दाखवणार?

१३ मे
बावीस फुटी वाऱ्यात भरकटते, असं वाचलं. अठरा.

१७ मे
तक्ता केला. फायदे, तोटे, गुण. दोन्ही बोटींना एक्केचाळीस. लेक म्हणाली, बाबा, नाणं उडवा. कशातच गांभीर्य नाही. ही नोकरी कशी टिकवणार, कोण जाणे.

२१ मे
बोटवाला सेल्समन फोन उचलत नाही. बायकोच्या फोनवरून केला, पहिल्या रिंगला उचलला. माझा आवाज ऐकून मीटिंगमध्ये आहे म्हणाला. अशानं धंदा होतो का?

२८ मे, रविवार, संध्याकाळी ६
ट्रायल मिळाली एकदाची. अठरा फुटी, पण धक्क्याला बांधलेली. ठरल्याशिवाय दोर सोडणार नाही म्हणाला. टेपनं सोफा मोजत होतो, तेवढ्यात समोरून सार्वजनिक फेरीबोट गेली. कठड्याशी बायको, लेक आणि सासूबाई. तिघीही हसत होत्या. सासूबाई तर चक्क उभ्या. लेकीनं हात हलवला. मीही हलवला. टेप पाण्यात.
घरी जाब विचारला. बायको म्हणाली, येता का म्हणून सकाळी दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, दुपारपर्यंत ठरवून सांगतो.

३० मे
लेक गेली. स्टेशनवर म्हणाली, फेरीत माझ्या शेजारची जागा रिकामीच होती. पाण्याची बाटली घेतलीस ना, एवढं विचारलं.
परत आलो तर सेल्समनचा फोन. स्वतःहून. अठरा फुटी विकली गेली, बावीसच उरली, म्हणजे आता ठरवायचा प्रश्नच नाही म्हणाला.
म्हटलं, आता घरात तिघंच आहोत. बावीस फार मोठी होईल.