चार बैठका आणि एक पायरी

तीर्थस्वरूप अक्कांना साष्टांग नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? इकडे सगळे क्षेम आहे, म्हणजे मी आहे आणि मांजर आहे. तुमची धाकटी बहीण दोन दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे आली, त्याला आज नऊ दिवस झाले. तिची प्रकृती उत्तमच असणार. माझ्यावर चिडली की तिला भूक चांगली लागते.

तिने एकच बाजू सांगितली असेल, म्हणून दुसरी कळवतो. निवृत्त झाल्यावर मी मागच्या बागेचा नकाशा काढायला घेतला. (जन्मभर पाणीखात्यात परक्यांचे नकाशे काढले, एक घरचा काढला तर काय बिघडले?) बागेत चार बैठका ठरवल्या: वाचायला वेगळी, चहाला वेगळी, पाहुण्यांना वेगळी आणि एक नुसतीच निवांत. फरशी बसली, वेलीला मांडव झाला, सिमेंटचे बाक आले. गवंड्याने विचारले, "साहेब, बसणार किती जण?" मी म्हटले, दोघे. त्याने नुसते डोके खाजवले.

आता मुख्य गुन्हा. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक ओबडधोबड पायरी होती. नकाशात ती नेमकी वाटेत येत होती, म्हणून काढून टाकली. तेव्हा तुमची बहीण बाजारात गेली होती (हा योगायोग होता, असे मी अजूनही म्हणतो). परत आली, दारात उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, "मग मी बसू कुठे?" मी उत्साहाने चारही बैठका दाखवल्या. तिथेच चुकले. त्या पायरीवर ती रोज भाजी निवडायची, झाडांना रागवायची, आणि मीही चहा घेऊन तिच्या शेजारी टेकायचो. हे नकाशात कुठे दिसत नाही हो! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता रोज एकेका बाकावर बसून पाहतो. चारही ठिकाणी सारखेच करमत नाही.

तरी माझी काही तक्रार नाही. तिला हवे तितके राहू द्या.

आपला आज्ञाधारक मेहुणा
(सध्या आज्ञा करायला घरी कुणी नाही)

ता. क. : हे पत्र तिला वाचून दाखवू नका. सहज टेबलावर उघडे राहू द्या.

आणखी एक ता. क. : गवंडी पायरी पुन्हा बांधायला तयार आहे, पण विचारतो, उंची किती ठेवू? अक्का, एकतीस वर्षे शेजारी बसलो आणि मला ते सांगता आले नाही. तेव्हा तिला उद्याच्या पहिल्या गाडीने पाठवा. माप कागदावर लिहून पाठवू नका. ते बसणाऱ्या माणसानेच इथे येऊन द्यावे लागते, असे गवंड्याचे म्हणणे आहे. (गवंडी असे काहीही म्हणालेला नाही.)