आजीच्या अटी

प्रिय हेरिन,

खोक्यात वरच्या डब्यात मोहरीच्या पानांची किमची आहे, खालच्यात सुकी मासळी. किमची आधी फ्रिजमध्ये ठेव आणि मगच हे पत्र वाच, नाहीतर वाचता वाचता उभ्याउभ्याच मला फोन लावशील आणि डबा ओट्यावर तसाच राहील. आणि फोन लावूही नकोस, मी उचलणार नाही. रागावलेले नाही गं, उलट फार मजेत आहे. पण फोनवर तुझ्यापुढे माझा टिकाव लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

तर सत्तावन्नाव्या वर्षी तुझ्या आईला दोन नोकऱ्या चालून आल्या आहेत. एक तुझी: छुसॉकचा सण झाला की तुझी रजा संपते, तेव्हा मी येओसूचं घर आवरून सोलला यायचं आणि दान-बीला सांभाळायचं. दुसरी तुला ठाऊक नाही. कोजे बेटावर जहाजाचा कारखाना आहे, तिथल्या कामगारांच्या खानावळीत मुख्य स्वयंपाकीण. रोज दुपारी बाराशे पानं. कुठलीही घेतली तरी बिऱ्हाड हलवावं लागणार, आणि रविवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

शाळा आणि तिच्याबरोबर माझं तिथलं स्वयंपाकघर बंद झालं तेव्हा मी काही बोलले नाही, पण शेवटच्या वर्षी अकरा पोरं उरली होती. अकरा पोरांचा भात माझ्या त्या मोठ्या पातेल्यात दिसायचासुद्धा नाही. निरोपाला मुख्याध्यापकांनी फुलं दिली, आणि दुसऱ्या दिवशी मी सवयीने घरात एवढं सूप करून बसले की सगळ्या शेजारणी आठवडाभर तेच पीत होत्या. मग वसंतात तुझ्याकडे आले. तू रजेवर, पण तुझी गिऱ्हाईकं काही तुला सोडेनात. तू आत दार लावून फोनवर लोकांच्या नोकऱ्या आणि पगार ठरवायचीस. दार लावून काय उपयोग, आवाज बापाच्या वळणावर गेलेला. मी दान-बीला पाठीशी बांधून ओट्यापाशी उभी, आणि आतून तुझं चालू, ‘आकडा तुम्ही आधी बोलू नका. त्यांना बोलू दे. ते बोलले की गप्प बसा, घसासुद्धा खाकरू नका. घर हलवायचा खर्च पगारात धरू देऊ नका, वेगळा मागा. आणि तोंडी काही मानू नका, लेखी घ्या.’ इतकं शहाणपण माझ्या पोटी जन्मलं याचं मला फार कौतुक वाटायचं. ते माझ्याच कामी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

जुलैत तुझा फोन आला. ‘आई, तू कायमची ये. आम्ही दर महिन्याला तुला ठरावीक पैसे देऊ.’ मी म्हटलं, ‘छे गं, नातीला सांभाळायचे कसले पैसे? नको नको.’ आता मला सांग, आपल्याकडे पहिल्या फटक्यात हो कोण म्हणतं? पाहुण्यापुढे पेअरचं फळ कापून ठेवलं तरी तो दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा काटा उचलतो. तू पुन्हा विचारायचंस, मी पुन्हा नको म्हणायचं, आणि मग मुळात मी यायचं की नाही हे दोघींनी सावकाश बोलायचं, असा माझा आपला अंदाज. तू म्हणालीस, ‘आई, तू किती चांगली आहेस,’ आणि फोन ठेवलास. संध्याकाळी जावईबापूंनी लहान खोलीचा फोटो पाठवला. खोली रिकामी, त्यात नवा पलंग, उशीवर फुलाफुलांचा अभ्रा. साऱ्या जगाला घासाघीस शिकवणारी माझी लेक, आणि आईचा पहिलाच नकार घेऊन मोकळी झाली. मी पैशाला नको म्हटलं होतं, यायला हो कधी म्हटलं? पण पलंग पाहिल्यावर माझी जीभच उचलेना.

पुढच्याच महिन्यात शाळेतल्या एका जुन्या सोबतिणीने कोजेला माझं नाव सुचवलं, आणि मी सहज म्हणून जाऊन आले. मुलाखतीला बे साहेब म्हणून तुझ्याच वयाचा मुलगा. ‘मावशी, पगाराची अपेक्षा काय?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तुम्हीच बघून द्या.’ तू शेजारी असतीस तर टेबलाखालून लाथ घातली असतीस. ते चोवीस लाख वॉन म्हणाले. तेव्हा मला तू आठवलीस आणि मी गप्प बसले. फार अवघड असतं गं ते. खिडकीबाहेर क्रेन होती, तिच्याकडे बघत राहिले. बे साहेब पाणी प्यायले. म्हणाले, ‘सव्वीस?’ मी पुन्हा क्रेन. ‘तुम्हाला दुसरीकडून बोलावणं आहे का?’ मी म्हटलं, ‘आहे ना, सोलहून. राहायला खोली, नवा पलंग.’ ‘किती माणसांचा स्वयंपाक?’ ‘एकच. पण बडं गिऱ्हाईक आहे, चव बिघडली तर वाटी फेकून मारतं.’ ‘आणि देतात किती?’ इथे मी तोंड घट्ट मिटून घेतलं, कारण खरं सांगायचं तर तुझा आकडा शून्य होता. ते बत्तीसवर आले.

मग घर हलवायचा खर्च वेगळा मागितला. ते म्हणाले, ‘देऊ, पण एक तारखेला हजर व्हा.’ मी म्हटलं, एक तारखेच्या आसपास जुन्या पंचांगाप्रमाणे भुतं मोकळी फिरत असतात, मी घर हलवणार ती बिनभुतांच्या दिवशीच. शिवाय त्या दिवशी सगळ्यांनाच घरं हलवायची असतात, ट्रकवाले दीडपट घेतात, तेही तुम्ही द्यायचं. ते हसायला लागले. ‘मावशी, कंपनीच्या नियमांत भुतं बसत नाहीत.’ मी म्हटलं, ‘मग मीही बसत नाही,’ आणि पर्स उचलली. बसमध्ये मात्र स्वतःलाच बोल लावत होते, की एवढ्यासाठी हातचं घालवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन. ‘मावशी, मी गंमत म्हणून घरी सांगितलं, तर आईने मलाच धारेवर धरलं. म्हणाली, त्या बाईला वाईट दिवशी हलायला लावशील आणि मग रोज तिच्याच हातचं जेवशील, अक्कल आहे का? तुमच्या दिवशी या.’

हसून झालं असेल तर आता ऐक. दान-बीचा मला कधीच कंटाळा आला नाही. तिच्या मानेचा वास आठवला की अजून जीव कासावीस होतो. पण तुमच्या त्या विसाव्या मजल्यावर दुपारचे बारा वाजले की माझे हात शिवशिवायचे. तू आत कामात, आणि बाहेर माझ्याशी बोलणारी एकच, लिफ्टमधली बाई, तीही एवढंच सांगायची की दार बंद होत आहे. कोजेला मला खानावळ दाखवायला नेलं तेव्हा नेमकी जेवणाची वेळ होती. सगळा कारखाना एकदम चमचे वाजवत होता. कोणीतरी ओरडलं, ‘मावशी, सूप वाढा की थोडं,’ आणि तिथली बाई वळायच्या आत माझाच हात पळीकडे गेला. मला ती नोकरी हवी आहे, हेरिन. तुझे बाबा गेल्यापासून मला काहीही इतकं हवंसं वाटलेलं नाही.

तू म्हणशील, मग दान-बीचं काय? जावईबापूंना वर्षभराची रजा मिळू शकते, हे त्यांनीच मला भांडी घासताना सांगितलं. त्यांना ती घ्यायची आहे. पण त्यांच्या विभागात आजवर एकाही बापाने मागितलेली नाही, त्यामुळे साहेबापुढे शब्द फुटत नाही. तुला सांगायला तर त्याहून घाबरतात. अगं, परक्यांना बोलायला शिकवतेस, घरच्यालाही शिकव. त्यांना क्रेनचं सांग, खिडकीबाहेर काहीतरी शोधून ठेवा म्हणावं.

आता मुद्द्याचं. तोंडी काही मानू नका, असं तूच म्हणतेस, आणि तोंडी मी तुला नाही म्हणूच शकत नाही, तू ‘आई’ म्हटलंस की संपलं. म्हणून हे लेखी. सोलच्या नोकरीला माझा नकार आहे, आणि तो पेअरसारखा नाही, खरा आहे. त्या सकाळच्या फोनवर बे साहेब पस्तीसपर्यंतही यायला तयार होते. मी बत्तीसवर थांबले आणि वरच्या तीन लाखांच्या बदल्यात दोन गोष्टी मागून घेतल्या: राहायला कंपनीच्या एका खोलीऐवजी दोन खोल्यांचं घर, आणि दर महिन्याला शुक्रवार ते सोमवार सलग सुट्टी. ते म्हणाले, ‘मावशी, यात तुमचा तोटा आहे.’ मी म्हटलं, ‘तुम्ही माझं बडं गिऱ्हाईक पाहिलेलं नाही.’ तर माझ्या अटी अशा. दर महिन्याला ते चार दिवस दान-बी माझी, तुम्ही दोघं कुठेही जा. दुसरी खोली तुमची, तो पलंग तिथे पाठव. किमची जन्मभर माझ्याकडून. माझं सांगून झालं, आता मी गप्प बसते, आणि या खेपेला आधी तू बोलायचंस, तेही लेखी. हवा तेवढा वेळ घे. फक्त दान-बीचा वरचा दात दिसला तर लगेच फोन कर. तो मी उचलेन, आणि ते बोलणं घासाघिशीत धरायचं नाही.

तुझीच,
कोजेची मावशी, पण आधी आई