दान दिलेल्या कॉम्प्युटरचं कार्ड

१६ जाने. ८९, सोमवार
मुंबईहून पार्सल आलं. आमच्या विलासच्या खोलीत राहणाऱ्या सुधीरने पाठवलं. चादरीत गुंडाळलेली हार्ड डिस्क एक, विटेएवढी नि तशीच जड. वह्या दोन. भाडं-हमाली २३ रु.
विलासचं अंथरूण, छत्री, चपला तेराव्याला दान झाल्या. कॉम्प्युटरही त्याच्या वापरातलाच. सुधीरला मीच लिहिलं होतं, कुणा गरजू मुलाला देऊन टाक, विलासने लिहिलेलं ज्यात असेल तेवढं काढून पाठव. त्याने तसंच केलं. गुणी पोर.
ह्यांनी पार्सलला हात लावला नाही.

१९ जाने., गुरुवार
सुधीरचं पत्र परत वाचलं. विलास कामावरून आला की रोज थोडं टाइप करायचा म्हणे. वर इंग्रजी अक्षरांत ‘आई’. विचारलं तर म्हणाला, पुरं होऊ दे, मग छापून पाठवतो.
गणेशचतुर्थीपासून त्याचं एक पत्र नव्हतं. मीच म्हटलं होतं, तू लग्नाला पसंत केलेल्या त्या मुलीला घेऊन ह्या उंबऱ्यात येऊ नको. भरल्या ताटावरून उठला. मग टायफॉईड, मग तार, मग
रामरक्षा म्हणायला बसले. मध्येच विसरले.

२५ जाने., बुधवार
ह्यांच्याबरोबर सावंतवाडीला. तिथे पाटकर कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. डिस्क तान्ह्या पोरासारखी मांडीवर धरूनच गेले, एस.टी.चे धक्के लागू नयेत म्हणून. पाटकर हसले, “काकी, बारशाक हाडलात काय?” ह्यांनी सांगितलं कुणाची ते. पाटकर उठून उभेच राहिले.
त्यांनी ती आपल्या कॉम्प्युटरला जोडली. फिरली. आवाज ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. पण पडद्यावर त्याचं काही येईना.
“डिस्क जिती आसा, काकी. पण ज्या कार्डान लिवलां, ताच कार्ड तिका वाचतला.”
म्हणजे विलासच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड. ते दानात गेलं. कॉम्प्युटर विचारत होता, सगळं पुसून नव्याने तयार करू का. मी पाटकरांचं मनगटच धरलं. ते म्हणाले, भिया नकात, बटण दाबणंय नाय.
डिस्क परत मुंबईला धाडू नका म्हणाले, आणखी धक्के सोसायची नाही. कार्ड मागवा.

२ फेब्रु., गुरुवार
आठ दिवस ह्यांच्याशी तेच. सुधीरला कार्ड मागून घ्यायला लिहू का? आज जेवताना बोलले, तेही माझ्याकडे न बघता.
“दिलेला दान परत मागशीत? तेका थंय उपाशी ठेवशीत?”
दान परत घेतलं की गेलेला जीव वर उपाशी राहतो म्हणतात. उसनं म्हणून मागितलं तरी मागितलंच. आणि विलास इथून उठला तो उपाशीच उठला होता, हे कुणाला सांगू.

५ फेब्रु., रविवार
देवळात कौल लावायला निघाले. तळीपासून परत फिरले. देवाने डावा कौल देऊन नको म्हटलं असतं तरी मी कार्ड मागितलंच असतं. मग विचारून त्याचा अपमान कशाला करू.

९ फेब्रु., गुरुवार
सुधीरला पत्र लिहिलं. पत्ता ह्यांनी घातला. मजकूर उतरून ठेवते.

चि. सुधीर यास अ. उ. आ.
विलासचा कॉम्प्युटर ज्या मुलाला दिलास त्याच्याकडे जा. हार्ड डिस्कची वायर ज्याला जोडलेली असे ते आतलं कार्ड आठ दिवसांसाठी दे म्हणावं. वाचून झालं की परत पाठवीन. दान परत मागतेय, पाप माझं, त्याला काही लागणार नाही हे त्याला नीट सांग. त्याने कॉम्प्युटर विकला असेल तर कुणाला ते विचार. रागावू नको त्याच्यावर.
विलासने मला काय लिहिलं ते तू वाचलं होतंस का, हे तुला विचारायचं धाडस मला झालं नव्हतं. वाचलं असलंस तर सांगू नको. शिव्या असल्या तरी माझ्या मीच वाचीन.
कार्ड मिळो न मिळो, उलट टपाली दोन ओळी टाक.